शेवटचं कडवं

वेझर नदीच्या पुलावर वारा असा सुटला होता, की समोरून येणाऱ्या तरुणाची टोपी थेट पाण्यात गेली आणि त्याच्या हातातले गाण्याचे कागद हेडविगच्या घागऱ्याला येऊन चिकटले.

"टोपी जाऊ दे! पण ते कागद सोडू नका!" तो ओरडला.

"टोपीला ऐकू गेलं तर रुसेल बिचारी," ती म्हणाली.

तो हसला. आणि... उगीचच हेडविगचे कान तापले.

संध्याकाळी, हेडविग गायची त्या मिंडेनच्या गायनमंडळात नव्या संचालकाची ओळख करून दिली. तोच होता! लुडॉल्फ ब्रांट. सध्या एका हंगामापुरता. हंगामाअखेर रानात होणाऱ्या मैफलीनंतर त्याला ठेवायचं की नाही ते ठरणार होतं.

पेटी नाही, पियानो नाही. नुसते चार आवाज एकमेकांत मिसळायचे. पण प्रत्येक तालमीत शेवटच्या कडव्यापर्यंत सगळ्यांचा सूर खाली उतरायचा. मंडळाचे अध्यक्ष क्राउझे सूर तपासायचा चिमटा कानाशी धरून कपाळाला आठ्या घालायचे.

हेडविगच्या लक्षात आलं होतं – लुडॉल्फ तिच्याकडे बघायला लागला, की नेमका तेव्हाच सूर उतरतो.

"माझ्यामुळे त्याची नोकरी जाणार, अडेला."

"मग डोळे मिटून गा," मैत्रीण म्हणाली. "नाहीतर त्याला मिटायला सांग!"

मैफलीच्या दिवशी बीच नावाच्या उंच झाडांखाली सारं गाव जमलं होतं. हेडविगने ठरवलं – नुसते ओठ हलवायचे. पहिली दोन गाणी सुरात पार पडली. क्राउझेंनी मान डोलावली. आनंद व्हायला हवा होता... पण झाला नाही.

शेवटच्या गाण्याला लुडॉल्फने ताल द्यायला हात उचलला, तिच्याकडे पाहिलं आणि हात तसाच राहिला. कुणीतरी खोकलं. क्राउझेंची चुळबुळ सुरू झाली. 'सुरू कर ना... अरे, कर ना!' ती मनात म्हणत होती. त्याने हलकेच मान हलवली: नाही.

तिने श्वास घेतला. तेव्हाच हात खाली आला.

ती गायली. आणि सूर उतरला.

मैफल संपल्यावर तो घाईघाईने तिला गाठायला आला. "पहिल्या दोन गाण्यांत तुमचा आवाज कुठे होता?"

"सूर माझ्यामुळे उतरतो. तुमची नोकरी..."

"तुमच्यामुळे? अहो, तुमच्याकडे बघितलं की ताल देणारा माझा हात संथ होतो. कडवं संपूच नये असं वाटतं. गाणं रेंगाळलं, की सूर उतरणारच. म्हणून आज पहिली दोन गाणी मी झाडांकडे बघत होतो... तर तुमचा आवाजच येईना. घाबरलो मी!"

"ब्रांट! जरा इकडे या!" क्राउझेंची हाक आली.

दोघांचे चेहरे उतरले.

"काढून टाकलं तर दुसऱ्या गावी शिकवण्या करीन," तो पुटपुटला. "पण एकटं जायचं... तुम्ही याल?"

तिने त्याचा गारठलेला हात घट्ट धरला आणि त्याच्याबरोबर चालू लागली.

क्राउझेंनी त्या दोन हातांकडे नीट पाहिलं.

"म्हणजे सूर यामुळे उतरतो तर! नोकरी पक्की, ब्रांट. आता लग्नही उरकून टाका. म्हणजे शेवटचं कडवं वेळेवर संपेल!"