उरवड्याची राखणीची प्रत

गणकयंत्राची तबकडी आणि तिच्यावरचं लिखाण वाचणारं डोकं, या दोन्हींमधलं अंतर एका केसाच्या जाडीत वीस वेळा मावेल. तबकडी फिरत असताना डोकं तिला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगतं. मध्ये धुळीचा एक कण आला, तरी ओरखडा पडतो आणि तिथलं सगळं जातं.

म्हणून झाकणाच्या आत बोट लावायचं नाही. कुणीच.

हे ठाऊक असलेल्या मोजक्या माणसांत माझी मावशी लीलाबाई होती. पुढचं सगळं तिच्याबाबतीत घडलेलं आहे. ती भौतिकशास्त्र शिकलेली, थर्मामीटरसुद्धा दोनदा वाचणारी बाई. तिनं हे मला एकदाच सांगितलं आणि सांगताना एकही शब्द फुगवला नाही.

मीही फुगवणार नाही.

साल १९६९. मार्च महिना. मुळशीतलं उरवडे गाव.

रात्र नव्हती. सकाळचे साडेआठ वाजले होते आणि लख्ख ऊन होतं...

मावशी पुण्यात, पावसाच्या नोंदी ठेवणाऱ्या एका संस्थेत कामाला होती. ठिकठिकाणचे आकडे तिथल्या गणकयंत्रावर, तबकड्यांच्या गठ्ठ्यांत साठवत. सहा तबकड्या एकावर एक, मोठ्या पातेल्याएवढा आकार, वर पारदर्शक झाकण. एकसष्टच्या पुरात पुण्यातली दप्तरं बुडाल्यापासून संस्थेचा एक नियम होता. प्रत्येक गठ्ठ्याच्या दोन प्रती ठेवायच्या. एक पुण्यात, कामाची. दुसरी उरवड्याला, उंचावरच्या दगडी खोलीत, राखणीची.

त्या खोलीत फक्त एक लोखंडी कपाट होतं. तबकड्या फिरवणारं यंत्र नव्हतं. विजेची तारही आत आलेली नव्हती.

एवढं लक्षात ठेवा.

खोलीच्या अंगणात पर्जन्यमापक होता. गेणबा नावाचा माणूस रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचा, आकडा वाचायचा, चिठ्ठीवर लिहायचा. आकडे त्याला येत होते, नाव लिहिता येत नव्हतं. सहीच्या जागी तो अंगठा उठवायचा. त्या अंगठ्यावर विळ्याची जुनी खूण होती, आडवी.

सदुसष्टच्या जुलैत, असाच पाऊस मोजून घरी परतताना, गेणबा ओढ्यात वाहून गेला.

दोन दिवसांनी सापडला. चिठ्ठी त्याच्या चंचीत होती, मेणकापडात गुंडाळलेली. कोरडी.

उरवड्याच्या पर्जन्यमापन केंद्राचा आजवरचा सर्वांत मोठा आकडा त्या चिठ्ठीवर होता. तो तबकडीवर चढला. सुट्या चिठ्ठ्या पुढच्या वर्षी रद्दीत गेल्या.

आणि अडुसष्टच्या डिसेंबरात कामाच्या प्रतीवर ओरखडा पडला.

अशा वेळी राखणीची प्रत आणायची आणि तिच्यावरून कोऱ्या गठ्ठ्यावर नक्कल करायची. मावशीनं दोन्ही गठ्ठे यंत्रावर चढवले. आज्ञा दिली. दिशा उलटी दिली.

भरलेल्यावर कोऱ्याची नक्कल झाली. चार मिनिटांत सगळं गेलं.

बाकीच्या केंद्रांच्या वह्या शिल्लक होत्या, त्यांवरून ती केंद्रं पुन्हा भरता आली. उरवड्याची वही नव्हतीच, फक्त चिठ्ठ्या होत्या; तिथले दोन पावसाळे मात्र कुठेच उरले नव्हते. मावशीनं शेजारच्या केंद्रांची सरासरी काढली आणि ते दोन पावसाळे भरून टाकले. गुळगुळीत, नीटस आकडे. गेणबाचा तो मोठा आकडा कितीही आठवून पाहिला तरी तिला आठवेना.

कुणाला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू... म्हणत राहिली.

राखणीची प्रत परत उरवड्याला गेली.

मग सुरू झालं.

खोली झाडायला गेणबाची बायको गोजराबाई यायची. फेब्रुवारीत मावशी तपासणीला गेली, तर ती केरसुणी टेकवून म्हणाली, "बाई, तुमचा डबा घरघर करतुया."

"उंदीर असेल, गोजराबाई."

"लोखंडाच्या कपाटात उंदीर? आन् घड्याळ बघून येतुया का त्यो? रोज साडेआठाला?"

मावशी थांबली. साडेआठ झाले.

आधी काहीच नाही. मग कपाटातून एक बारीक आवाज आला... चढत गेला... आणि एका सुरावर स्थिर झाला.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तबकड्या पूर्ण वेगात आल्या की असाच सूर लागतो.

तिनं कपाट उघडलं. गठ्ठा जागच्या जागी, स्थिर.

झाकणाला हात लावला.

कोमट लागत होतं.

ती पुण्याला परतली. या खेपेलाही कुणाला काही बोलली नाही.

मार्चमध्ये मोघेसाहेब, तिचे वरिष्ठ, तिला जीपमधून उरवड्याला घेऊन आले. गावच्या ओढ्यावर पूल होणार होता. पुलाची उंची आणि त्याखालून पाणी जाणाऱ्या मोऱ्यांची रुंदी इंजिनियर उरवड्याच्या पावसावरून ठरवणार होते. आकडे मूळ नोंदींप्रमाणे आहेत, असा दाखला हवा होता, आणि सही मावशीची. नियमाप्रमाणे राखणीची प्रत डोळ्यांनी पाहून मगच सही करायची.

"इथे करा सही, लीलाबाई. दुपारी इंजिनियर यायचेत."

गोजराबाई दारात उभी होती. "मोऱ्या मोठ्या धरा म्हनावं, सायेब. न्हाईतर पानी तुंबून आमच्या वस्तीत शिरंल. बारा घरं हायेत. माजं पयलंच हाय, काठावर."

"आकड्यांप्रमाणे जेवढ्या लागतील तेवढ्या धरतील, बाई."

"आकडं ह्यांचंच हायेत नव्हं? मंग झालं. लई नेमाचा मानूस. त्या दिशी मी म्हनलं, आज नगा जाऊ. म्हनले, भांडं उतू गेलं तर आकडा कुटं घावायचा."

मावशीनं पेनाचं टोपण काढलं. घड्याळात आठ एकोणतीस झाले होते.

तिनं कपाट उघडलं.

सूर लागला... चढला... स्थिर झाला. साहेब दाखला वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मग सूर बंद पडला.

आणि अंगणात कुणीतरी पाणी ओतलं.

मावशीनं तो आवाज मनातल्या मनात मोजला. पातळ धार, काचेत. माप भरलं. बाहेर ओतलं. पुन्हा धार. पुन्हा भरलं. पुन्हा... थांबतच नव्हतं.

साहेबांनी चष्मा काढला. "इथे नळ आहे का हो?"

"न्हाई," गोजराबाई म्हणाली.

"मग पाणी कोण ओततंय?"

"आमचं ह्येच की. रोजच असतंय." ती पुन्हा झाडायला लागली.

साहेब दाराशी गेले. अंगण कोरडं ठाक होतं. पर्जन्यमापकावर धूळ बसलेली. महिनाभरात पावसाचा थेंब पडला नव्हता.

धार थांबली.

आता शांतता. मापातला आकडा वाचायला माणसाला जेवढा वेळ लागतो, नेमका तेवढाच.

खोलीत भिजलेल्या घोंगडीचा वास आला.

मावशीची नजर गठ्ठ्याकडे गेली. झाकणाला आतून वाफ धरली होती. बंद झाकणाला, आतून.

त्या वाफेत एक ठसा उमटत होता... हळूहळू, कुणीतरी दाबून धरल्यासारखा.

अंगठा. मधोमध आडवी खूण.

गेणबानं न वाचलेल्या आकड्यांवर कधी अंगठा उठवला नव्हता. आज तिच्या सहीनं त्याचा अंगठा तिनं भरलेल्या आकड्यांवर उठणार होता, हे तिला कळलं. पण तो आत कसा आला, याचं उत्तर तिला पुढच्या चाळीस वर्षांत मिळालं नाही. मला सांगताना ती स्वतःचा उजवा अंगठा पदरानं पुसत होती. अजून मी काचेवर वाफ धरलेली पाहिली की आधी नजर वळवते.

"लीलाबाई," साहेब दारातून म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "सही करा आणि निघू आपण."

नोकरी जाणार होती. नावही जाणार होतं.

केरसुणीचा आवाज थांबला. गोजराबाई तिच्याकडे पाहत होती.

मावशीनं पेनाचं टोपण लावलं.

"साहेब, सही करणार नाही. हे आकडे गेणबाचे नाहीत. त्याचे माझ्या हातून पुसले गेले. हे मी भरलेत."