रोज एक फांदी

"ए, थांब! रंगवलेलं लाकूड चालणार नाही हं!"

मी फाटकातून ओरडले तेव्हा तो उंच, लाजरा माणूस सायकलवरून उतरत होता. हातात काय, तर चेरीची फांदी. एकच!

"रंगवलेली नाही," फांदी उलटसुलट करून तो गंभीरपणे म्हणाला, "जन्मापासून अशीच आहे."

मला हसू आलं, पण मी गणवेशात होते. गावच्या अग्निशमन दलात आम्ही सगळे हौसेनेच काम करतो, तरी गणवेश घातला की तोंड जरा आंबट ठेवावं लागतं.

ईस्टरच्या शनिवारी आमच्या माळावर मोठी होळी पेटते. आधीचा आठवडाभर लोक छाटलेल्या फांद्या आणून टाकतात, आणि तेवढाच काळ पलीकडच्या ओस्टरलोग गावचे लोक ती आधीच पेटवून द्यायला टपलेले असतात. आमचेही त्यांच्या होळीवर टपलेले असतात म्हणा, आम्ही काही साधुसंत नाही. पण मागच्या वर्षी त्यांनी डाव साधला आणि वाऱ्याने ठिणगी उडाली ती थेट माझ्या बाबांच्या चहाघरावर. बोरूच्या वाळक्या काड्यांनी शाकारलेलं छप्पर ते! वेळेत विझलं म्हणून बरं. तरी विमावाल्यांनी ठणकावलं, आणखी एक ठिणगी पडली की विमा बंद. विमा नाही तर चहाघर नाही, आणि चहाघराशिवाय माझे बाबा म्हणजे... जाऊ दे, विचारच नको. तेव्हा मी शिकायला ब्रेमेनला होते. या वर्षी मात्र दिवसभराचा पहारा मीच मागून घेतला होता.

"चहा घेणार?" मी विचारलं. लाकूड आणणाऱ्याला कपभर चहा, ही आमची रीत.

त्याने घेतला. खडीसाखर, वर साय, न ढवळता. दुसरा घेतला. तिसराही घेतला. आमच्याकडे कपात चमचा ठेवला की 'आता पुरे'. हा पठ्ठ्या चमचा हातातच धरून बसला होता!

"नाव काय तुझं?"

"त्यार्क."

"कुठला?"

"इकडचाच..." असं म्हणत त्याने हात असा काही फिरवला की त्यात अर्धा जर्मनी आला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. पुन्हा एक फांदी.

"अरे, गाडी भरून एकदम आण ना सगळ्या!"

"झाडाला दुखेल."

"आणि रोज रोज एवढी सायकल मारून तुझे पाय दुखत नाहीत?"

"दुखतात ना," तो चमचा बोटांत फिरवत म्हणाला, "पण इथे आलं की..." पुढचं वाक्य त्याने चहात बुडवलं. मी उगाचच पाण्याची नळी गुंडाळू लागले. ती आधीच गुंडाळलेली होती.

तिसऱ्या दिवसापासून मी रस्त्याकडे डोळे लावून बसू लागले. खोटं कशाला बोलू? तो मला आवडला होता.

आणि शुक्रवारी आमच्या दलाच्या प्रमुख तालेआबाईंनी बॉम्ब टाकला. "विबके, हा तुझा चहाबाज ओस्टरलोगचा आहे. आपली होळी पेटवायचं काम या वर्षी त्याच्याकडे आहे म्हणे!"

म्हणजे फांदी हे नुसतं निमित्त! पहारा कुठे ढिला पडतो ते बघायला येत होता मेला, आणि मी बावळट त्याला साय वाढत होते! त्या रात्री मी रडले. मग चिडले. मग नळीचा जोर तपासून ठेवला.

शनिवारी दुपारी मी किटली भरून परत येते, तो होळीतून दोन पाय बाहेर आलेले! बूट ओळखीचे होते. मी मागचापुढचा विचार न करता नळ सोडला.

"अगं... विबके... थंड आहे गं!"

तो बाहेर आला तेव्हा निथळत होता. हातात रॉकेलच्या वासाच्या चिंध्यांची पिशवी होती. आरडाओरडा ऐकून सगळं गाव गोळा झालं.

"चोर तो चोर!" मी कडाडले. "रोज माझा चहा पितोस आणि माझ्याच बापाचं घर जाळतोस?"

"पेटवायला नाही आलो, काढायला आलोय!" तो कुडकुडत म्हणाला. "मी गावात सांगितलं होतं, होळी मी पेटवतो. दुसऱ्या कुणी अंगावर घेतलं असतं तर खरंच पेटवली असती. मी रोज येऊन जायचो आणि 'आज जमलं नाही' म्हणून सांगायचो. शेवटी लोक वैतागले. आज पहाटे कुणीतरी या चिंध्या आत खुपसल्या आणि मला म्हणाले, आता फक्त काडी लाव."

"थापा!" मी म्हणाले खरी, पण आवाज निम्म्यावर आला होता.

तेवढ्यात बाबा काठी टेकत, डोळे बारीक करत पुढे आले. "अरे, हा तर माझा शाकारणारा! मागच्या वर्षीचं भोक यानेच बुजवलं, आठ दिवस वर बसून. पोरी, स्वतः शाकारलेलं छप्पर कुणी जाळतं का?"

मी नळीकडे बघत विचारलं, "मग मला सांगितलं का नाहीस?"

"ओस्टरलोगचा म्हटल्यावर चहा दिला असतास?"

"नळी दिली असती."

"तीही मिळाली आज."

"आणि ती फांदी?"

त्याचे कान लालभडक झाले. "होळी वाचवायला फांदी लागत नाही. ती... ती चहासाठी. म्हणजे चहासाठी पण नाही..."

गाव खो खो हसलं. बाबांनी काठी आपटली. "ओस्टरलोगचा तो ओस्टरलोगचाच! शिक्षा झालीच पाहिजे. होळी विझेपर्यंत नळी घेऊन माझ्या छपरावर बसायचं. एक ठिणगी पडली तर बघ!"

संध्याकाळी होळी पेटली आणि वारा नेमका आमच्याकडे फिरला. ठिणग्या येत होत्या आणि त्यार्क ओल्या छपरावर मांजरासारखा सरकत एकेक टिपत होता. एकही टेकू दिली नाही त्याने. जाळ बसला तशी मी कप घेऊन शिडीने वर गेले.

"झाड संपलं गं," माळाकडे बघत तो म्हणाला. "पार बोडकं झालंय. आता उद्या काय घेऊन येऊ?"

"रिकाम्या हाताने ये," मी म्हणाले. "मला तू हवायस. फांद्या पुष्कळ झाल्या."

तो नुसता माझ्याकडे बघत राहिला आणि हातातली नळी हळूहळू अंगणाकडे वळली.

"अरे, छपरावर धर! माझ्यावर काय धरतोस!" खालून बाबा ओरडले.

त्याने गडबडून नळी सावरली, कप घेतला, चहा संपवला. मग बशीत काहीतरी शोधू लागला.

"चमचा कुठाय?"

"बाबांनी चहा स्वतः ओतला," मी त्याच्याजवळ सरकत म्हणाले, "आणि चमचा दिलाच नाही."