तेविसावा लबाड

एकला पाच मिनिटं असताना सदाशिव पेठेतल्या दातांच्या दवाखान्यात जो शिरतो, तो एक तर परगावचा असतो, नाहीतर बनेल. काउंटरमागून शेफालीने त्या माणसाकडे एकदा पाहिलं आणि त्याला सरळ बनेलांत टाकलं.

बाहेर भाद्रपदातली भुरभुर होती. त्याने छत्री दाराबाहेर झटकली, पायपुसण्यावर पाय तीनदा पुसले. इतका सभ्यपणा... तोही पुण्यात.

"दाढ दुखतेय."

"कुठली?"

त्याने डावा गाल धरला. मग जरा विचार करून उजवा.

"दारावरची पाटी वाचलीत?"

पाटी डॉक्टर श्यामलाताईंच्या हातची होती: 'दवाखाना एक ते चार बंद. दुखणे सोसवत नसल्यास चारपर्यंत सोसावे.'

"वाचली. सोसतो," असं म्हणून तो बाकावर बसला आणि हसला. हसणं छान होतं, हीच तर पंचाईत. गोड माणसांचं शेफालीला वावडं होतं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका गोड आवाजाने तिच्या बाबांना फोनवर तासभर बोलण्यात गुंतवलं आणि त्यांची शिल्लक साफ केली. तेव्हापासून बाबांनी फोन उचलणंच सोडलं. लेकीचासुद्धा.

शेफालीनेही मग एक खोड लावून घेतली होती. एक ते चार डॉक्टर घरी वामकुक्षीला जात, आणि इथे शेफालीची यमुनाबाई होई. वय अठ्ठ्याहत्तर, ऐकायला कमी, बोलायला भरपूर. फसवाफसवीचा फोन आला की ती त्याला धरून ठेवी. "थांब हं बाळा, चष्मा शोधते..." मग दूध उतू जाई, मांजर आडवं येई, नंबर वाचताना सातचा नऊ होई. एकाला म्हणे तिने खव्याच्या मोदकांची कृती इतकी तपशिलात सांगितली, की शेवटी त्यानेच विचारलं, गूळ चालेल का. जितका वेळ हे लोक तिच्याशी बोलत, तितका वेळ दुसऱ्या कुणाच्या बाबांशी बोलत नव्हते... एवढाच तिचा हिशेब. वहीत प्रत्येकाची नोंद असे: नंबर, वेळ, थाप कोणती आणि दहापैकी गुण.

आज मात्र बाकावर हा बसलेला. फोन वाजला, तिने कापला. त्याची नजर फोनवर गेली आणि भिंतीवरच्या दंतपंक्तीच्या चित्रावर जाऊन टेकली.

नाव सलिल देवधर. व्यवसायाच्या रकान्यात 'नोकरी'. कुठली, ते नाही.

दुखणाऱ्या दाढेत डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. दात साफ करून त्यांनी त्याला घालवला. दोन दिवसांनी तो पुन्हा हजर, एकला पाच कमी. नंतर पुन्हा.

"तुमच्या दाढेला घड्याळ कळतं वाटतं," शेफाली म्हणाली.

"तिला इथला बाक आवडतो."

"बाक लाकडी आहे. टोचतो."

"बाकापेक्षा काउंटर जास्त टोचतं."

ओठांवर आलेलं हसू तिने रजिस्टरमध्ये दडपलं. पण मनातली पाल चुकचुकायची थांबेना. हा माणूस दातासाठी येत नाही. मग कशासाठी? यमुनाबाईने ज्यांचे तासन्‌तास खाल्ले, त्यांच्यातलाच कुणी माग काढत तर आला नसेल... आणि तसं असेल, तर एकला पाच कमी झाले की आपण केस का सारखे करतो?

चौथ्या खेपेला तो सकाळीच आला. डॉक्टरांना एकदाचं काहीतरी सापडलं: आडवी उगवलेली अक्कलदाढ. एकच्या ठोक्याला ती निघाली. तोंडात कापसाचा बोळा कोंबून डॉक्टर म्हणाल्या, "तासभर अवाक्षर काढायचं नाही. शेफाली, लक्ष ठेव." आणि गेल्या.

अशी संधी कुणाला मिळते? शेफालीने दाराला आतून कडी घातली आणि त्याच्यासमोर स्टूल ओढलं.

"मान हलवायची. हो किंवा नाही. तुम्ही दातासाठी येता."

मान हलली... नाही.

"माझ्या फोनसाठी येता."

डोळे मिटले. मान हलली. हो.

इतके दिवस संशय होता, तोवर बरं होतं. तिने काउंटरवरची दात काढायची जुनी पक्कड हातात घेतली. त्याने घाईघाईने गोळ्यांच्या चिठ्ठ्यांचं पॅड ओढलं आणि लिहिलं: 'सायबर पोलिस. उपनिरीक्षक.'

"असं तर तेवीस जणांतल्या नऊ जणांनी सांगितलं," शेफाली म्हणाली. "खरे असाल तर चौकीपर्यंत चला. पुढे तुम्ही, मागे मी."

सुजलेल्या गालावर बर्फाची पिशवी धरून तो भर पावसात पुढे, मागे पक्कड घेतलेली शेफाली. पेठेने ती वरात पाहिली आणि कुणी काही विचारलं नाही. दुपार ही काही विचारायची वेळ नव्हती. चौकीत हवालदार बजरंग खाडकन उठले. "साहेब? गालाला काय झालं?"

पक्कड खाली आली.

तास संपल्यावर सलिलने कापूस काढला आणि अडखळत सगळं सांगितलं. खात्याने नवी यंत्रणा बसवली होती. चोरांच्या नंबरांशी जो नंबर फार वेळ बोलतो, त्याचा ठिपका लाल होतो. मग नुकसान व्हायच्या आत पोलिस त्या माणसाला फोन करून सावध करतात. शेफालीचा ठिपका तीन महिने लाल होता, आणि नुकसान शून्य.

"म्हणजे फसत नाही. मग यंत्राच्या मते उरतं एकच... सामील."

"मी? चोरांना सामील?"

"सावध करायला मीच फोन केला होता. नंबराची मालकीण सत्तावीस वर्षांची, आणि उचलला अठ्ठ्याहत्तरच्या आजींनी. मला पन्नास मिनिटं मांजराची कुंडली सांगितली. म्हटलं, हा आवाज कुणाचा ते बघायलाच हवं."

शेफालीने वही उघडली. तेवीस नंबरची नोंद: 'सायबर पोलिस असल्याची थाप. आवाज बरा. थाप अगदी कच्ची. दहापैकी दोन.'

त्याने ते वाचलं. गाल दुखत असूनही हसला. मग पानं उलटू लागला, आणि हळूहळू हसणं थांबलं. "हे नंबर आमच्यापर्यंत पोचायला आठ-आठ दिवस लागतात. तोवर माणूस बुडालेला असतो. रोज चार वाजता ही वही पाठवाल?"

"पाठवीन. पण एक अट आहे." तिचा आवाज पहिल्यांदाच यमुनाबाईहून थकलेला वाटला. "गणवेश घालून माझ्या बाबांकडे जा. त्यांना सांगा, की ते मूर्ख नव्हते. मी सांगून थकले..."

तो गेला. बाबांनी ओळखपत्र दोन्ही बाजूंनी वाचलं, शेजारच्या दोघांना दाखवलं, मग चहा दिला. सलिल दीड तास बसला, आणि बाबांहून शिकलेल्या किती जणांना त्याच थापेने गंडवलं ते एकेक करून सांगत राहिला. दुसऱ्या दिवशी शेफालीने सवयीने घरी फोन लावला, आणि तिसऱ्या घंटेला पलीकडून आवाज आला, "बोल गं."

शेफालीने फोन दुसऱ्या कानाला लावला, आणि 'जेवलात का' इथून सुरुवात केली.

यमुनाबाईची वही रोज चारला खात्यात पोचू लागली, आणि माणूस बुडायच्या आधीच लाल ठिपके विझू लागले. वहीबद्दल काही विचारायला म्हणून सलिल एक वाजता फोन करी. वहीचं दहा मिनिटांत संपे. फोन मात्र... असो.

गणपती गेले, दसरा गेला. एका दुपारी तो म्हणाला, "एक भानगड झालीये. यंत्राने नवा ठिपका लाल केलाय. चोरांशी बोलणाऱ्या नंबराशी रोज तास-तास बोलतो म्हणून."

"कुणाचा?"

"माझा. साहेबांनी लेखी खुलासा मागितला."

काउंटरमागे शेफालीने ओठ चावला. "मग... काय लिहिलंत?"

"लिहिलं, की फसवणूक नाही." पलीकडे त्याने घसा खाकरला. "सामील आहे."

मग वही उघडल्याचा, पेन खरखरल्याचा आवाज त्याला ऐकू गेला.

"काय करताय?"

"तेवीस नंबरचे गुण खोडतेय. दहापैकी नऊ."

"एक का कापलात?"

"संशयाचा," शेफाली म्हणाली. "तो राहू दे. रोज एक वाजता फोन करून दूर करत जा."