टाकीखालचं नेटवर्क

परतूर रोडवरच्या विद्यापीठाच्या आवारात सोमवारी सकाळी जेसीबीनं रस्ता उकरताना इंटरनेटची केबल तोडली आणि चारही इमारती मुक्या झाल्या. शनिवारी परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख. तातेराव तिथले नेटवर्कचे माणूस, वय त्रेपन्न. केबल जोडायला माणसं पुढच्या आठवड्यात येतील, असं त्यांनी तक्रारवहीत लिहिलं आणि खुर्चीत बसून राहिले. बायको, गिरिजाबाई, फाल्गुनात गेल्यापासून ते असेच बसत.

मंगळवारी एकही तक्रार आली नाही. हेच त्यांना खटकलं.

"पोरं समदी पाण्याच्या टाकीखाली हायेत, तात्या," वॉचमन राजानंद म्हणाला. "तिथं फुल नेट येऊन राह्यलं."

तातेराव उठले. टाकीपासून सगळ्यात जवळचं वायफायचं मशीन दोनशे मीटरवर होतं, आणि तेही बंद. टाकीखाली कायमची ओल, शेवाळाचा वास, वरून मानेवर टपकन थेंब पडायचा. तिथं चाळीसेक पोरं-पोरी मोबाइल घेऊन बसलेली. प्रत्येकाजवळ जेवणाचा डबा.

"डबे कशाला?"

बी.एस्सी.च्या प्रियानं मोबाइल पुढे केला. नाव नसलेलं नेटवर्क. पासवर्डच्या जागी एकच प्रश्न: जेवण झालं का?

"जेवल्याबिगर घेत न्हाई, सर. आन् खोटं तर बिलकुल चालत न्हाई. आमच्या होस्टेलच्या पोरी आयुष्यात पहिल्यांदा टायमावर जेवून राह्यल्या."

कुणीतरी मोबाइलचं हॉटस्पॉट लपवून मस्करी करतंय, तातेरावांनी ठरवलं. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर लिहिलं, 'हो'.

पडद्यावर आलं, 'न्हाई.'

खरंच होतं. आदल्या दुपारपासून पोटात नुसता चहा होता. ते कँटीनमध्ये गेले, बिस्किटाचा पुडा संपवून आले आणि पुन्हा लिहिलं, 'हो'.

'बिस्किटाला जेवण म्हणत न्हाईत.'

पोरं खो-खो हसली. तातेरावांनी कॅमेरा शोधायला वर पाहिलं. वर शेवाळ होतं.

तेवढ्यात उपकुलसचिव गाढेसाहेब आले. त्या दिवशी अंगारकी. साहेब पहाटेच राजूरच्या गणपतीला जाऊन आले होते, कपाळावर गुलाल तसाच. पोरांना शिस्त दाखवावी म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर ऐटीत लिहिलं, 'उपवास आहे.'

'मंग राजूरच्या स्टँडवर भजी कुणी खाल्ली?'

कुणी हसलं नाही. साहेब वळले, तेव्हा एकदम सगळे हसले.

पंधरा मिनिटांत तातेराव साहेबांच्या केबिनमध्ये उभे होते.

"ते नेट ज्या मशीनमधून येतंय, त्याचा नंबर शुक्रवारी पाचच्या आत काढा आन् ते बंद करा," साहेब म्हणाले. "न्हाई जमलं तर शनिवारपासून येऊ नका. कंत्राटावर आहात तुम्ही."

"साहेब, भजी..."

"भज्यांचं नाव काढू नका!"

नंबर काढणं एरवी दोन मिनिटांचं काम. त्या नेटवर्कला जोडायचं, लॅपटॉपवर नंबर दिसतो. पण पोरांच्या मोबाइलवर तो दिसत नव्हता; आधी स्वतः जोडायला हवं. बुधवारी तातेराव टाकीवर चढले, खांब ठोकून पाहिले. गुरुवारी राजानंदला सांगून त्यांनी सगळ्या आवाराची लाइट बंद केली. तरी टाकीखाली पोरी निवांत फॉर्म भरत होत्या.

"सर, जेवून घ्या ना," प्रिया म्हणाली. "जल्दी काम होईल."

"भूक लागत न्हाई, पोरी."

"नोकरी जाईल की, सर."

शुक्रवारी सकाळी त्यांनी स्टोव्ह पेटवला. पिठलं जमलं. भाकरीचा नकाशा झाला, पण झाली. सवयीनं दोन ताटं मांडली गेली; एक त्यांनी उचलून परत फळीवर ठेवलं. दीड भाकरी त्यांनी बसून, चावून खाल्ली. बऱ्याच दिवसांनी त्यांना पोट आहे असं वाटलं.

चार वाजता पोरं वर्गात होती. टाकीखाली ते एकटेच. लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यांनी लिहिलं, 'हो'.

लगेच जोडलं गेलं.

मशीनचा नंबर समोर आला. बारा अक्षरं. त्यांनी खिशातून पेन काढलं, तोच मोबाइल वाजला.

"मिळाला का नंबर?" गाढेसाहेब.

तातेरावांनी पडद्याकडे पाहिलं. सत्तर पोरांचे फॉर्म अजून राहिले होते, प्रियाचाही. आणि तीन महिन्यांत त्यांना जेवलात का म्हणून विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

"न्हाई, साहेब."

"मंग उद्यापासून येऊ नका."

"बराबर," तातेराव म्हणाले, आणि पेन खिशात ठेवलं.

हलकं वाटलं. थोडं हसूही आलं. लॅपटॉप मिटायला त्यांनी हात लावला.

टाकीतून थेंब पडायचे थांबले होते.

पडद्यावर नवा प्रश्न आला होता.

सकाळी ते घरात एकटे होते. दाराला आतून कडी होती.

'दोन ताटं मांडलीत. मंग माझं परत का ठेवलं?'