डाव्या बाजूचा पत्रा

मी थापा मारतो हे आमच्या भागात कुणाला नव्याने सांगायला नको. माझ्याकडे एकदा एक गाडी आली होती. तिचा पत्रा गंजाने सगळाच खाल्ला होता आणि नुसता रंग उभा होता. मी रंगाला धक्का न लावता आतून नवी गाडी बसवली. ही हकिगत मी इतक्यांदा सांगितली आहे की त्या गाडीचा मालकही आता मान डोलावतो. आमची ही म्हणते, "यांच्या तोंडून खरं ऐकायचं असेल तर हे घोरतात तेव्हा ऐका."

सांगायचा मुद्दा, गोष्ट कशी रंगवायची हे मला कळतं. ही एक मात्र मला कधी रंगवता आली नाही. रंग लावायला जावं तर तो धरतच नाही. तेव्हा जशी घडली तशी.

माझी शेड लाकडाच्या वखारीला चिकटून आहे. वखारवाल्याचा भुसा उडून माझ्या ओल्या रंगावर बसतो आणि माझ्या रंगाचा वास त्याच्या नाकात, त्यामुळे आमची रोजची भांडणं आणि रोजचा चहा. एका सकाळी टेंपोवर लादलेली एक जुनी गाडी दारात आली आणि मागून चालत एक बाई. पन्नाशीच्या असतील. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायच्या, म्हणून काहीही डोळ्याजवळ नेऊन बघायची सवय.

"ही आमचीच गाडी होती, काका," त्या म्हणाल्या. "मी शाळेत असताना बाबांनी विकली. परवा भंगारवाल्याच्या आवारात दिसली."

"आणि परत घेतलीत? ताई, लोक नवऱ्यालासुद्धा दुसरी संधी देत नाहीत."

त्या हसल्या नाहीत. "आईला एकदा हिच्यात बसायचंय. ती आता फार दिवसांची नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. तिला घेऊन तळ्यापर्यंत एक फेरी मारायची, एवढंच. इंजिन आमचा मेकॅनिक बघेल. तुम्ही पत्र्याचं बघा. फक्त गाडी कोरडी हवी."

"कोरडी?"

"म्हणजे धड. चांगली."

जुन्या गाडीचं काम म्हणजे आधीच्या मालकांशी भांडण. ती माणसं समोर नसतात, म्हणून भांडायला मोकळीक असते. मी एकेकाला त्याच्या चुकीवरून नाव ठेवतो आणि दिवसभर शिव्या घालतो. कामही सरतं आणि घसाही मोकळा राहतो.

या गाडीचा उजव्या बाजूचा तळ, म्हणजे चालवणाऱ्याच्या पायाखालचा, कारखान्यातून आला तसाच होता. एवढ्या वर्षांची गाडी आणि हातोडी मारली की खणखणीत आवाज. डावीकडे, शेजारी बसणाऱ्याच्या पायाखाली, सगळा घोळ. सतरंजी उचलली तर खाली सिमेंट. खरंच सिमेंट, थापीने गुळगुळीत केलेलं. या मालकाचं नाव सिमेंटवाला. छिन्नीने ते फोडलं तर खाली रिबिटांनी ठोकलेला जाड पत्रा. हा रिबीटवाला. त्याखाली डांबरात भिजवलेलं गोणपाट. हा डांबरवाला, याच्या नावाने मी दोन दिवस खडे फोडले, कारण ते हातांना चिकटलं ते जेवतानाही सुटेना.

तळाला पाणी निघून जायला एक भोक असतं. कारखानाच ते ठेवतो. आत शिरलेल्या पाण्याला वाट नसली की ते पत्र्यात बसून राहतं आणि पत्रा खातं. हे शेंबड्या पोराला कळतं. या तिघांनीही ते भोक बुजवलं होतं. सिमेंटवाल्याने सिमेंटने, रिबीटवाल्याने लाकडाची खुंटी ठोकून, डांबरवाल्याने डांबराने. आणि त्याच जागी, सगळ्यांत खाली, एक पत्र्याचं झाकण उलटं ठोकून बसवलेलं निघालं. बिस्किटांच्या डब्याचं. कडा हाताने वळवलेल्या, ठोके असे जवळजवळ की ठोकणारा घाईत नव्हता. त्याच्या खाली दडलेल्या बाजूला फुलांचं चित्र अजून ओळखू येत होतं.

याला मला नाव ठेवता आलं नाही. ठोकताना हा माणूस रडत असावा, असं उगाच मनात आलं. मी झाकण पुसून फळीवर ठेवलं.

डावं सीट पार मागे सरकवलेलं होतं, शेवटच्या खाचेत, आणि रूळ तिथेच गंजून बसले होते. मी ते सोडवले, ग्रीस भरलं, सीट पुढे ओढून ठेवलं. सडका तळ कापला, नवा पत्रा वेल्ड केला, त्याचं भोक मोकळं ठेवून वरून रंगाचा हात दिला आणि घरी गेलो.

सकाळी नव्या पत्र्यावर ओल होती. सीट मागे होतं.

सीटचं मी मनाला लावून घेतलं नाही. वखारवाल्याला असल्या चेष्टा सुचतात. पण ओलीने माझा धंदा चालतो, ती मला सोडवत नाही. काचांची रबरं पाहिली. पाइपाने पाणी मारून दारं पाहिली. रेडिएटर रिकामाच होता. छपराला भोक नव्हतं, आणि पाऊस महिनाभर नव्हता. संध्याकाळी मी वखारीतून भुसा आणून तळावर पसरला आणि गाडी कुलूप लावून बंद केली. सकाळी भुसा बाकी सगळीकडे कोरडा, सैल. फक्त दोन ठिकाणी भिजून दबला होता, लांबट, शेजारी शेजारी. सीट मागे.

आमच्या धंद्यातली जुनी माणसं गळती जिभेने ओळखतात. रेडिएटरचं पाणी गोडसर, बॅटरीचं आंबट, पावसाचं बेचव. तुम्ही करू नका. मी बोट टेकवलं आणि जिभेला लावलं.

खारट होतं. आमच्या गावापासून समुद्र इतका लांब आहे की मुलांना तो चित्रात दाखवावा लागतो.

मी ताईंना बोलावून घेतलं. ओलीबद्दल काही बोलण्याआधीच त्यांची नजर फळीवर गेली. त्यांनी झाकण उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि भुशाच्या पोत्यावर बसल्या.

"हे आईच्या बटणांच्या डब्याचं झाकण आहे."

मी हातोडी खाली ठेवली. 

"दादा माझ्याहून मोठा," त्या म्हणाल्या. "ताडमाड उंच. पुढे बसायचा तो, सीट पार मागे घेऊन. मागे माझे गुडघे चेपायचे, मी त्याच्या मानेवर चापट मारायचे. आम्ही समुद्रावर गेलो होतो. तो पोहायला गेला. अंधार पडेपर्यंत आम्ही वाळूत थांबलो. होड्या गेल्या, माणसं गेली, परत आली. मग बाबा म्हणाले, चला. आई पुढे बसली नाही, मागे माझ्याजवळ बसली. सीट कुणी पुढे ओढलं नाही, काका. घरी येईपर्यंत मी तशीच गुडघे दुमडून बसले होते."

वखारीत करवत चालू झाली. ती थांबेपर्यंत त्या थांबल्या.

"त्यानंतर बाबा रोज सकाळी गाडी पुसायचे. आतून. आई विचारायची, एवढं काय पुसता? ते म्हणायचे, दव पडतं. मग एक दिवस बटणांच्या डब्याचं झाकण नाहीसं झालं, आणि नंतर गाडी गेली."

"ताई, इथेही ते पडतं. दव."

त्यांनी विचारलं नाही कुठे. "बंद करा," त्या म्हणाल्या. "काय वाटेल ते करा, पण बंद करा. आईने इतक्या वर्षांत दादाचा विषय काढलेला नाही. आता शेवटी तिच्यासमोर हे नको. ती यातून उठणार नाही."

मी त्यांचं ऐकलं. मरणाच्या दारात बसलेल्या बाईला धक्का बसू नये, यात माझ्यासारख्याने काय शहाणपण शिकवायचं? सगळे सांधे पुन्हा वेल्ड केले, त्यावर सील भरलं, भोकात रबराचं बूच घट्ट ठोकलं. आयुष्यात इतकं चोख काम मी केलं नव्हतं. गाडी समुद्रात सोडली असती तरी तरंगली असती. इंजिनही त्याच संध्याकाळी त्यांच्या मेकॅनिकने पाणी भरून चालू करून दिलं.

सकाळी गाडीचं डावं दार उघडलं.

डाव्या बाजूला सीटच्या काठापर्यंत पाणी होतं.

उजवी बाजू कोरडी होती. मधला उंचवटा पाण्याहून वीतभर खाली, तरी एक थेंब पलीकडे गेला नव्हता. दार उघडं होतं तरी बाहेर येत नव्हतं. शहाण्यासारखं आपल्या जागी बसून होतं.

मी गाडीखाली सरपटलो आणि बूच उपटलं.

दुपार कलली तरी पाणी वाहत होतं. वखारवाला नाक मुरडत आला. "मासे धुतोस की काय रे? समुद्राचा वास मारतोय." 

शेवटची धार चालू असतानाच दारात टॅक्सी थांबली. ताई धावत उतरल्या. "ऐकतच नाही हो ती. आजच जायचं म्हणते." मागून त्यांची आई उतरली. एवढीशी म्हातारी, अंगावर शाल, हातात काठी, आणि आवाज मात्र सगळी शेड ऐकेल असा.

"तूच का तो थापाड्या?"

"हो, आई."

"मग मला एक खरं सांग. तळाचं भोक उघडं आहे का बंद?"

ताईंनी माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली. माझ्या हातात बूच होतं.

"उघडं," मी म्हणालो.

"दे ते इकडे." तिने बूच पर्समध्ये टाकलं. "आमचे हे म्हणायचे, दव. मी काय दुधखुळी होते? सगळे निजले की मी खाली उतरून काचेतून बघायचे. दाराला हात लावायचा धीर मात्र झाला नाही कधी."

"का गं, आई?" ताईंनी विचारलं.

"उघडलं आणि आत कुणी नसलं तर?"

ती डाव्या दाराशी गेली. सीट मागे होतं. एवढीशी बाई, तिचे पाय तळाला टेकेनात. ती पार काठावर सरकून बसली, चपला काढल्या आणि अनवाणी पावलं ओल्या पत्र्यावर ठेवली. मग वाकली आणि हाताने खाली चाचपलं. आणि रागावल्यासारखी बोलली, घरात बोलतात तशी.

"पाय किती गार पडलेत रे तुझे."

ताई स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तळ्यापर्यंत जाऊन येऊ ना, आई?"

"तळं कशाला? पाणी पुरे झालं त्याला. घरी चल. त्या दिवशी घरी आलो ते आपणच उतरलो. त्याला कुणी उतर म्हटलंच नाही."

गाडी गेली. मागे रस्त्यावर थेंबांची रेघ उमटत गेली, वळणापर्यंत मला दिसली.

त्यानंतर गाडीचा तळ कोरडा झाला. ताई मुद्दाम दाखवायला घेऊन आल्या. मी भुसा टाकून पाहिला. भुसा कोरडा राहिला. सीट पुढे ओढलं, पुढेच राहिलं. आणि आई उठून बसली होती. डॉक्टरांनी तोंडात बोटं घातली. जेवते, भांडते, शेजारणीची उणीदुणी काढते.

इथे मी थांबलो असतो. थापाड्याला शेवट कळतो, आणि हा चांगला होता.

काही महिन्यांनी ताईंचा फोन आला. "काका, घरी येऊन जाता? जेवणघरात ओल येते. प्लंबर म्हणतो नळ ठीक आहेत."

तिसऱ्या मजल्यावरचं घर. जेवायचं टेबल, भोवती लोखंडी पाइपाच्या चार खुर्च्या. कपाटावर बटणांचा डबा, त्यावर ठोके खाल्लेलं झाकण. एक खुर्ची टेबलापासून लांब सरकवलेली आणि तिच्याखाली घडी घातलेला टॉवेल.

"ये रे," आई म्हणाली. "तिथे नको, पलीकडे बस." जाता जाता तिने ती खुर्ची टेबलाखाली ढकलली, वाकून टॉवेल उचलला आणि बादलीत पिळला. रोजचं काम करावं तसा. खुशीत होती. माझ्या गाडीच्या गोष्टीला तिने, "नुसता रंग उरला म्हणे, लबाड!" म्हणून हातावर टाळी दिली. मी चहा संपवून कप ठेवला तेव्हा खुर्ची परत मागे होती.

ताई मला जिन्यापर्यंत पोचवायला निघाल्या. "ती सुखात आहे," त्या हळूच म्हणाल्या. "मी कुठल्या तोंडाने तक्रार करू? पण ओल तेवढी बंद होईल का?"

"एकदा बंद केली होती ना आपण, ताई."

चष्मा विसरला म्हणून मी परत आत गेलो. तो टेबलाखाली पडला होता. वाकलो. आत आई भांडी लावत गुणगुणत होती.

त्या मागे सरकलेल्या खुर्चीचे पाय गंजाने बोटभर खाल्ले होते, ते अपेक्षितच होतं. ताईंची खुर्ची स्वच्छ होती. तिसरी, आईची, त्या खुर्चीच्या शेजारची. तिच्या पुढच्या दोन पायांना फरशीलगत चहाच्या रंगाची बारीक कड आली होती. अगदी नवी, आणि दोन्ही खुर्च्यांमधली फरशी कोरडी. बाजूला तिच्या चपला वाळायला उलट्या टेकवून ठेवल्या होत्या.

मी आईच्या खुर्चीखाली फरशीला बोट लावलं. बोट ओलं झालं. मी ते चाखलं नाही.