अर्ध्या मिनिटाचा राग

छातीवर पट्टी चिकटवणाऱ्या माणसावर चिडायचं नसतं, असं मावशी म्हणते. मावशीला काय जातंय म्हणायला!

तपासणीच्या खोलीबाहेर मी ताटकळत बसले होते आणि आत तो पट्टीवाला एका बाईंना समजावत होता, "आत्या, घरच्या माणसांची तपासणी आम्ही करत नाही. नियमच आहे. शेजारच्या खोलीत जा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "या. तुम्ही काही घरच्या नाही."

"नशीब माझं!" मी म्हणाले.

चार वर्षांपूर्वी मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून डॉक्टरांनी माझ्या हृदयातली चुकार जागा डागून टाकली होती. त्याआधी ठोके मनाला येईल तसे पडायचे, जिना चढताना मध्येच बसावं लागायचं. आता मी पोरांना पोहायला शिकवते. तरी दरवर्षी तपासणी आहेच, कारण आलेला गुण किती वर्षं टिकतो ते डॉक्टरांना बघायचंय. मलाही बघायचंय. माझं ठरलेलं लग्न "हे परत उद्भवतं म्हणे" एवढ्या एका वाक्यावर मोडलं होतं.

पट्टी चिकटवून तो म्हणाला, "आठवडाभर ही ठोके टिपेल, भिजवायची नाही. धडधडलं की पट्टीवरचं हे बटण दाबायचं."

"अहो, मी पोहायला शिकवते!"

"मग काठावरून शिकवा," तो म्हणाला. आणि वर हसला!

काठावरून ओरडून ओरडून माझा घसा बसला. पोरं मला 'कोरड्या बाई' म्हणू लागली. त्यात रोज संध्याकाळी याचा फोन — "पट्टी निघाली नाही ना?... जेवलात?" माझ्या जेवणाशी याला काय करायचंय? फोन ठेवला की छातीत धडधडायचं. मी बटण दाबायचे. एकदा फोनला उशीर झाला, त्या दिवशी दोनदा दाबलं.

आठवड्याने त्याने पट्टी काढली आणि संगणकाच्या पडद्यावर तिच्या नोंदी बघू लागला.

"एका पहाटे झोपेत ठोके बिघडलेत. अर्धं मिनिट... जेमतेम. पण डॉक्टरांच्या हिशेबात याला 'परत उद्भवलं' असंच म्हणतात."

डोक्यात तिडीक उठली. "अर्ध्या मिनिटासाठी? चार वर्षं धडधाकट हिंडले, ती कुठे गेली? मला नापास करता?"

"मी नाही करत!" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "मलाही 'परत उद्भवलं' या शब्दांचा राग येतो. तुमच्या जुन्या नोंदी पाहिल्यात मी. तेव्हा दिवसचे दिवस बिघडलेले असायचे. आता डॉक्टर औषध देतील, पुन्हा डागतील, नाहीतर नुसतं लक्ष ठेवतील. पण नापास... तुम्ही नाही."

"आणि मी इतक्यांदा बटण दाबलं, ते?"

"ते ठोके वेगात आहेत, पण अगदी सुरळीत." तो घुटमळला. "सगळे संध्याकाळचे आहेत... माझ्या फोनच्या वेळचे."

माझे कान तापले. "रागच येतो तुमचा! पेशंटना रोज फोन करायची पद्धत आहे का इथे?"

"नाही," तो खाली बघत म्हणाला. "तशी पद्धत नाही."

त्याने काढलेली पट्टी ट्रेमध्ये ठेवली.

"पुढच्या वर्षी पट्टी शेजारच्या खोलीत लावून घ्याल? मी लावणार नाही."

"का? अर्धं मिनिट बिघडलं म्हणून तुम्हीही—" माझे डोळे भरून आले.

"नियम आहे ना," तो हळूच म्हणाला. "आत्याला सांगितला, तोच."

"हे विचारायची ही रीत?" मी फणकारले, आणि सवयीने हात छातीवरचं बटण शोधू लागला. तिथे काहीच नव्हतं.

"दाबायचंच असेल तर..." त्याने आपला हात पुढे केला.

मी तो चांगला जोरात दाबला. राग होताच तसा.