बरणी न्यायला येणारी काकू

त्यानं रिकामी बरणी ठक्कन काउंटरवर ठेवली.

"रिकामी?" मी विचारलं.

"मग? चटणी संपली न!"

डोळे छान होते, अक्कल बेताची. सदर बाजारातल्या आमच्या 'गोदावरी' जवस चटणीची बरणी कुणी रिकामी परत करत नाही. मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, काहीतरी घालूनच देतात. ही सवय आईनं लावली, तिच्याच नावाची चटणी. जाहिरात न करता रायपूरभर पसरली, ती अशी घरातून घरात. आई जाऊन दोन वर्षं झाली तरी एक गिऱ्हाईक तुटलं नव्हतं.

"नागपूरचे दिसता. एवढंबी माहीत नाही?"

"हॉस्टेलात वाढलो जी." तो लाजला. "मी निरंजन. नवीन राजधानी, नवीन नोकरी... तेलीबांधा तलावापाशी राहतो. तुमची काकूबी हेच म्हणे."

"कोणती काकू?"

"बरणी न्यायले येते ते. हिरवं लुगडं, करंगळी अर्धी. बरणी रिकामी होती म्हणून घेतलीच नाही. म्हणे, दुकानात नेऊन दे, पोट्टी शिकवन तुले."

मी माप खाली ठेवलं. बरण्या आणायला आमचं कुणीच जात नाही. सकाळी त्या दुकानाच्या पायरीवर असतात. गिऱ्हाइकंच ठेवून जातात, असं मी धरून चालले होते. आणि अर्धी करंगळी... आईची होती.

मी तडक जुन्या गिऱ्हाईक शेवंताबाईंकडे गेले.

"अवो स्नेहल, तुले माहीतच नाही?" त्या शांतपणे म्हणाल्या. "थे तर येतच राहते. तिखट झालं का, मीठ बरोबर हाये का, दारातूनच इचारते. भेव कायचं? मरूनबी इचारायले येते, तिची चटणी कोन सोडन?"

अंगावर काटा आला, पण त्याहून जास्त राग आला. साऱ्या गावाच्या दारात जाते, आणि पोटची पोर? मला एकदाच, फक्त एकदाच आई बघायची होती.

निरंजन पुन्हा आला तेव्हा बरणीत पारिजातकाची फुलं होती.

"चटणीच्या बरणीत फुलं?"

"नाही टाकाची, असं कोणी सांगतलं काय?" तो हसला. माझे डोळे बघून मात्र थांबला. सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "आज सांजच्याले येईन म्हणे ते. तुम्ही या न..."

थंडीचे दिवस. मी त्याच्या खोलीवर गेले. तलावावरचं धुकं जिन्यापर्यंत चढलं होतं. कडी वाजली. निरंजननं दार उघडलं — मला दिसला रिकामा जिना. भाजलेल्या जवसाचा वास मात्र आत आला.

"नमस्कार, काकू," तो धुक्याला म्हणाला.

"तिले विचारा... मले काहून दिसत नाही?" मी म्हणाले.

तो ऐकत राहिला. मग चाचरत म्हणाला, "म्हणते, मी खाणाऱ्याच्या घरी जाते. हे पोट्टी तर माझी चटणी तोंडालेबी लावत नाही."

खरं होतं. विकत होते, चाखत नव्हते. चव वेगळी लागली तर आई खरंच गेली, असं होईल... याची भीती वाटायची.

त्यानं गरम भात वाढला, वर चटणी, कच्चं तेल. मी घास घेतला. माझ्या हातची चटणी, आणि चव तीच! मी ढसाढसा रडले. तेवढ्यात डोक्यावरून हात फिरला. निरंजन तर दाराशी, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला उभा होता. मी वळले... कुणी नव्हतं.

"गेली," तो म्हणाला.

"काय म्हणाली?"

"राहू द्या..."

"सांगा न!"

त्याचे कान लाल झाले. "म्हणे, मी आता थकली. यापुढे बरण्या आणायले पोट्टीसंग तू जात जा."

"अन् तुम्ही?"

"हव म्हटलं."

"मले न विचारता?"

"आता विचारून राहिलो न..."

मी ताट त्याच्याकडे सरकवलं. तो समोर बसला आणि त्याच ताटात जेवला.

त्या दिवसानंतर आई कुणाच्याच दारात गेली नाही. आता बरण्या आणायला आम्ही दोघं जातो. शेवंताबाई दार उघडतात, आधी आमच्या मागे अजून कुणी आहे का बघतात, आणि मग आम्हाला आत घेतात.